कॅनडाकाकांची रात्रपाळी

बडोद्याजवळच्या कोयलीची रिफायनरी सुरू झाली १९६५ साली, रशियनांच्या मदतीने. तेव्हापासून कोयली, करचिया, बाजवा, जवाहरनगर या पट्ट्यात पाळीत काम करणाऱ्यांची एक वेगळीच जात तयार झाली. या माणसांना झोप कधीही येते आणि कधीही येत नाही. निवृत्तीनंतर ही जात काय करते, हे आता कळू लागलं आहे. ती कॅनडात स्थायिक होते. फक्त कोयली सोडत नाही.

आमचे कॅनडाकाका त्यातलेच. घराणं गायकवाडीत आलेलं, त्यामुळे मराठी अस्सल, पण मधूनच ‘मला नाही फावत’ म्हणणारं. मुलगा टोरंटोत शिकतो. निदान कागदोपत्री तरी तोच शिकतो. काकांच्या बैठकीत दोन घड्याळं आहेत. एक भारताचं आणि एक खरं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा काका स्टुलावर चढून खरं घड्याळ मागे करतात आणि काकूंना खालून स्टूल धरावं लागतं. त्या दिवसापासून साडेनऊ तासांचं अंतर साडेदहा होतं आणि काकूंची जेवणाची वेळ पुन्हा बदलते. मुलगा तिकडे मध्यरात्रीनंतर आडवा झाला की इकडे दुपारी बाराच्या सुमारास काका पंखा लावून पडतात. सोसायटीत त्या वेळी कुणी हॉर्न वाजवला तर काकू गॅलरीतून ओरडतात, “जरा हळू, टोरंटोत रात्र आहे!”

नोकरीत असताना काका दर तासाला लॉगबुक भरत. ती सवय सुटलेली नाही. पूर्वी त्या वहीत प्रेशर आणि तापमान असे. आता त्यात पोराचा नाश्ता, बस, लायब्ररी, सर्दी आणि मनःस्थिती असते. पहाटे चहाला उठलेल्या काकूंना ते रीतसर हँडओव्हर देतात. “क्लास झाला. डाळ खाल्ली नाही, भात खाल्ला. आवाज जरा बसलाय. मैत्रिणीचं नाव दोनदा घेतलं. निरीक्षणाखाली ठेव.”

या वहीचा एक उपयोग मात्र मान्य करावा लागेल. कॅनडात परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येतं. नोव्हेंबर २०२४ पर्यंत ही मर्यादा २० होती. पोरगं कॉफीच्या दुकानात उभं राहतं आणि तास मोजतात काका. तेवीस झाले की फोन जातो, “एक तास शिल्लक. मॅनेजर गोड बोलेल, ऐकू नकोस.”

हवामान तर विचारूच नका. पोरगं पांघरुणात असतं आणि काका कोयलीच्या उकाड्यात बनियनवर बसून सांगतात, “उणे चौदा आहे, पण वाऱ्यामुळे उणे बावीस वाटेल. कानटोपी घाल. बस चार मिनिटं उशिरा आहे, दात नीट घास.” कुठल्या दुकानात या आठवड्यात फ्लॉवर स्वस्त आहे आणि निळा डबा रस्त्यावर कधी ठेवायचा, हेही त्यांना पाठ. तिथल्या महापालिकेलाही आपल्या कचऱ्याची इतकी काळजी नसावी.

एकदा पोराने हिंगाची फोडणी केली आणि धुराचा अलार्म केकाटला. कोयलीत तेव्हा पहाट होती, फोन चालूच होता. काकांच्या अंगात एकदम फायर अँड सेफ्टी संचारलं. “गॅस बंद! जिन्याने उतरा! असेंब्ली पॉइंटला जमा!” चार पोरं चपला घालून बर्फात उभी राहिली. काकांनी व्हिडिओवर डोकी मोजली, एकाला मफलर नव्हता म्हणून झापलं, आणि ‘ऑल क्लिअर’ दिल्यावरच पोरं वर गेली. डाळ तेवढी करपली. वहीत नोंद आहे.

या चौघांतला एक आणंदचा, एक लुधियानाचा, एक लागोसचा. काका चौघांचीही परीक्षा सांभाळतात. आपल्या पोराची मला थोडी दया येते. लागोसच्या पोराचं मात्र भलंच झालं, त्याला फुकटात काका मिळाले.

बडोद्याच्या मराठी माणसापुढे परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की सयाजीराव येतातच. महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन तीन वर्षांसाठी कोलंबियाला पाठवलं आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. काका त्या करारावर जीव टाकतात. स्वतः मात्र व्हिसासाठी खर्चापोटी दाखवायचे २०,६३५ डॉलर पीएफ मोडून उभे केले तेव्हा पोराकडून एक ओळ लिहून घ्यायची राहिली, याची चुटपुट त्यांना आहे. (ती रक्कम सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ झाली, हे ते ‘आपलं स्वस्तात सुटलं’ अशा आवाजात सांगतात.) बाबासाहेबांना न्यूयॉर्कच्या वसतिगृहात नवल भथेना भेटले आणि ती मैत्री जन्मभर टिकली, हेही ते पोराला ऐकवतात, रूममेट असा हवा! यावर पोरगं एकदाच उलट बोललं, “बाबा, त्यांना रोज सकाळी बडोद्याहून कुणी उठवत नव्हतं.” काकांनी ते वहीत ‘चिडचिड, बहुधा ब जीवनसत्त्व कमी’ असं लिहिलं.

इतकं असून काका टोरंटोला एकदाही गेलेले नाहीत. पासपोर्ट आहे, पोराने तिकिटाचंही विचारलं होतं. पण ते म्हणतात, “मी तिकडे गेलो तर इथून लक्ष कोण ठेवणार?” काकू म्हणतात, मी ठेवीन. त्यांना अजून पूर्ण चार्ज मिळालेला नाही.

तुमचा मुलगा किंवा मुलगी तिकडे निघाली असेल तर बॅग भरण्याआधी काकांना जरूर भेटा. तेवीस किलोत कुकर, गोडा मसाला, मेतकूट आणि बडोद्याचा लीलो चेवडो कसा बसवायचा, ते वजनकाट्यासकट दाखवतील. फक्त हिवाळ्यात संध्याकाळी सहाच्या सुमारास जाऊ नका. तेव्हा टोरंटोत सकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि काका पोराला उठवत असतात.