शहरी असल्याचा दाखला

समलिंगी विवाहाचा खटला 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला, तेव्हा केंद्र सरकारने लेखी कळवलं की ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे. तेव्हापासून आमच्या अंजूरची पंचाईत झाली आहे. आम्ही नेमके कोण? कागदोपत्री गाव, कारभार ग्रामपंचायतीचा. पण भातशेती होती तिथे पत्र्याची गोदामं, आणि फाट्यावर एक कंटेनर आडवा झाला की कोंडी अस्सल महानगरी. आता इथल्या एखाद्या पोराला पोरगाच आवडला, तर त्याने आधी तलाठ्याकडून शहरी असल्याचा दाखला आणायचा का?

तसं आमचं गाव भित्रं नाही. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या बाजूने उभे राहिलेले गंगाजी नाईक इथलेच. 1739 साली किल्ला पडला. पण पोर्तुगिजांशी भिडलेल्या या गावातला तरुण मेडिकलवाल्याच्या नजरेला नजर भिडवत नाही. दुकानातली बाई जाईपर्यंत तो खोकल्याच्या गोळ्या निरखत बसतो. मग पुटपुटतो. दुकानदार पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळतो, वर काळी पिशवी चढवतो. प्लास्टिकबंदी 2018 ची. या एका खरेदीपुरती ती शिथिल असावी.

कॉलेजात मात्र जागृती जोरात. 1 डिसेंबरला, एड्स दिनी, रेड रिबन क्लबची फेरी, घोषणा, फोटो. मग व्याख्यान. मुलगे या खोलीत, मुली त्या खोलीत. विषयाच्या नावात ‘संस्कार’ हवेतच. प्रश्न चिठ्ठीवर, निनावी. पाहुणे डॉक्टर झोपेची चिठ्ठी मोठ्याने वाचतात, आहाराची वाचतात, मुरुमांची वाचतात. चौथी मनातल्या मनात वाचतात, चष्मा पुसतात, चिठ्ठी खिशात घालतात आणि वेळेअभावी आभारप्रदर्शन होतं.

त्या चिठ्ठीत असतं तरी काय? कंडोम फाटला, आता काय करू? माझा जोडीदारही मुलगाच आहे, तपासणीला गेलो तर घरी कळवतील का? उत्तरं दोन मिनिटांची. एचआयव्हीचा धोका वाटला तर 72 तासांच्या आत डॉक्टर गाठायचा आणि औषध सुरू करायचं. तपासणी सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत, मोफत होते, निकाल गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. पण एवढं सांगितलं तर आभारप्रदर्शनाला वेळ कुठून उरायचा?

असली चिठ्ठी खिशात न घालणारा एक प्राध्यापक महाराष्ट्रात होऊन गेला. र. धों. कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवत. संततिनियमनाच्या प्रचारापायी 1925 साली नोकरी सुटली. 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ काढून वाचकांच्या प्रश्नांना छापील उत्तरं देऊ लागले. हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षणावरच्या उत्तरांपायी 1934 साली खटला झाला, वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरी 200 रुपये दंड झालाच. त्याच महाराष्ट्राने 2007 मध्ये शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं. उत्तरच नसलं की दंडाचा प्रश्न येत नाही.

आता लग्नाचं. 17 ऑक्टोबर 2023 ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, विवाह हा मूलभूत हक्क नाही. काय ते संसद बघेल. संसदेने बघितलं होतंच. खासदार सुप्रिया सुळे यांनी 2022 मध्ये विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं खासगी विधेयक मांडलं. पण 1970 नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही. पोहे खायचे, ‘कळवतो’ म्हणायचं आणि उठायचं, तसा तो कार्यक्रम.

सरकार अगदीच कोरडं मात्र नाही. 2024 मध्ये कळवण्यात आलं, समलिंगी जोडप्यांना रेशनकार्डासाठी एकाच कुटुंबातलं समजा, बँकेत संयुक्त खातंही उघडू द्या. म्हणजे तांदूळ एकत्र उचला, कर्जाचे हप्ते एकत्र फेडा, फक्त अक्षता टाकू नका. बाकी संस्कृतीची काळजी आम्हाला आहेच. आमच्या आगरी लग्नात भटजीवाचून धवलारीण धवले गाऊन लग्न लावत आली. त्याने आभाळ कोसळल्याचं ऐकिवात नाही.

तरुण मित्रांनो, मोर्चे, याचिका, चर्चासत्रं तूर्त राहू द्या. एक रेशनकार्ड, एक पत्ता, मतदारयादीत दोन नावं, एवढंच सांभाळा. निवडणुकीतल्या इच्छुकांना यादी वाचता येते. वॉर्डात अशी पन्नास घरं भरली, की ज्यांना आज संस्कृती बुडताना दिसते तेच तुमच्या हळदीला बेंजोच्या आधी हजर होतील. फलकावर तुम्हा दोघांचे फोटो पासपोर्टाच्या आकाराचे असतील, आणि शुभेच्छुक म्हणून हात जोडलेले साहेब दोन्ही बाजूंना, पूर्णाकृती.