चौदाव्या दिवशी कोण येतं?

मृत्यूनंतरचे पहिले तेरा दिवस नाशिककर उत्तम सांभाळतात. निरोप मिळाला की तासाभरात दारात माणसं उभी राहतात. कोणी अमरधामचं बघतं, कोणी दाखल्यामागे लागतं. घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारून पिठलं-भाकरी येते. दहाव्याला गंगेवर कामावरचे, भिशीतले, दिंडीतले, जुन्या वाड्यातले असे सगळे उन्हात बसून राहतात. या गावाचा मला याबद्दल अभिमान आहे.

पण चौदाव्या दिवशी कोण येतं? आणि कॅन्सर किंवा पक्षाघात घरात मुक्कामाला होता, तेव्हा ही गर्दी कुठे होती? दहाव्याला जिच्यासमोर श्रद्धांजलीची भाषणं होतात, त्या बाईला कित्येक महिने सलग झोप मिळालेली नसते. एक दुपार कोणी मोकळी करून दिली असती, तर ती निदान स्वतःचा गुडघा दाखवून आली असती.

समाचाराला लोक जातात, नाही असं नाही. शहाळं ठेवतात, आणखी एका डॉक्टरचं नाव सुचवतात आणि निघताना म्हणतात, ‘काही लागलं तर सांगा.’ दमलेलं माणूस कधीच काही सांगत नाही. त्यापेक्षा थेट म्हणावं : गुरुवारी दुपारी दोन तास मी त्यांच्यापाशी बसते, तू बाहेर जाऊन ये.

हे स्वप्नरंजन नाही. केरळात २००१ पासून नेमक्या याच दोन तासांवर मोठं काम उभं राहिलं. आठवड्याला किमान दोन तास देऊ शकणारा कोणीही शेजारी यावा, एवढीच अट. सोळा तासांचं शिक्षण, मग चार वेळा अनुभवी पथकाबरोबर रुग्णांकडे जायचं आणि कामाला लागायचं. अंथरुणाला खिळलेल्याला कूस कशी बदलून द्यावी, जखम कशी स्वच्छ ठेवावी, हे ही माणसं शिकली. घरात धान्य आहे का, पोरांची शाळा सुटली नाही ना, हेही त्यांनीच पाहिलं. पाठीशी डॉक्टर आणि नर्स होते, पैसा बराचसा गावातल्याच छोट्या देणग्यांतून आला.

आपणही फार मागे नव्हतो. महाराष्ट्राने पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात वेदना कमी करणाऱ्या सेवेचं, धोरण २०१२ मध्येच आणलं आणि सुरुवातीच्या प्रयोगांत आपला इगतपुरी तालुका होता. पण धोरण नर्स पाठवतं. ती जखम धुते, गोळ्या समजावते आणि पुढच्या पाड्यावर जाते. दिवसाचे बाकीचे तास शेजाऱ्यांचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, जगात अशा सेवेची गरज असलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के लोकांना ती मिळते. एकटं सरकार ही दरी भरून काढील, असं मला वाटत नाही.

आणि एकटेपण प्रत्येक वेळी आपोआप येत नाही, काही वेळा आपणच ते लादतो. नवरा गेलेल्या बाईला संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायचं नाही, हा दुष्टपणा आहे. त्याला दुसरं नाव नाही. तिला ज्या महिन्यांत चार बायकांची सर्वाधिक गरज असते, त्याच महिन्यांत आपण दार लावतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवण्याचं आवाहन केलं. एका खेड्याला जे सुचलं आणि जमलं, ते गंगापूर रोडच्या आणि इंदिरानगरच्या सोसायट्यांना जमत नसेल, तर त्यांनी लाजायला हवं.

सोसायटीच्या बैठकीत पार्किंगवर तासभर वाद होतो. पुढच्या बैठकीत सेक्रेटरींनी आणखी एक विषय घ्यावा. कोणत्या घरात कोणी अंथरुणाला खिळलंय, कोण या वर्षी एकटं पडलंय, आणि या आठवड्यात तिथे कोण जाणार. नावं तिथेच लिहून घ्यावीत. पहिलं नाव सेक्रेटरींनी स्वतःचं लिहावं.