नंबराचं कुळ

माणसाच्या आडनावापेक्षा त्याच्या मोबाईल नंबराच्या पहिल्या चार आकड्यांवर आमच्या नानाकाकांचा जास्त भरवसा. घरात स्थळ सांगून आलं की पत्रिका बाजूला सारून ते आधी नंबर वाचतात. “९८२२! जुनं घराणं. आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे, तेव्हापासून मोबाईल बाळगून आहेत.” ९४२२ म्हणजे बीएसएनएल, माणूस सरकारी नोकरीतला, पेन्शन पक्की. ९८२० म्हणजे मुंबईकर. बोलणं पुढचं स्टेशन येईपर्यंतच. आणि ६ने सुरू होणारा नंबर दिसला की नाना चष्मा काढून ठेवतात. “कालचं पोर!”

ही विद्या एसटीडीच्या काळातली. तेव्हा गाव जेवढं मोठं, तेवढा कोड लहान. मुंबई ०२२, नागपूर ०७१२, सातारा ०२१६२. सुरुवातीचं शून्य सोडलं तर कोड आणि नंबर मिळून आकडे दहाच. मुंबईत फोन उदंड, म्हणून नंबर आठ आकडी आणि कोडाच्या वाट्याला दोन. साताऱ्यात सहा आकड्यांत भागायचं, म्हणून कोड लांबलचक. नाना साताऱ्याचे. हिशेब त्यांना कळतो, पटत नाही. पुण्याचा ०२१२ जाऊन ०२० झाला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “घ्या! आता हे मुंबईच्याही आधी.”

मोबाईल आल्यावर दूरसंचार खात्याने देशाची सर्कलं पाडली. १९६० साली एवढं रान उठवून मिळवलेली मुंबई खात्याने पुन्हा वेगळी काढली. उलट १९६७ च्या जनमत कौलात ज्या गोव्याने महाराष्ट्रात यायला साफ नकार दिला, तो गोवा महाराष्ट्राला जोडून दिला. नंबराचे पुढचे आकडे बघून सर्कल आणि कंपनी दोन्ही कळायचं. नानांचा तो सुवर्णकाळ.

२० जानेवारी २०११ला नंबर पोर्टेबिलिटी देशभर लागू झाली आणि नानांची विद्या बुडाली. नंबर तोच ठेवून कंपनी बदला! २०१५ पासून सर्कलही बदला! आता ९८२२वाला कुठल्याही कंपनीत नांदतो, ९८२०वाला कायमचा पाटण्यात राहतो. “कुळाचा पत्ताच लागत नाही हो,” नाना हळहळतात.

पुढचे आकडे बघून ओळख पटावी असं एक घराणं मात्र अजून उरलंय. १४०. जाहिरातवाल्यांना ही मालिका नेमूनच दिलेली. सगळं जग तो आकडा बघून फोन कापतं. नाना मात्र लगबगीने उचलतात. परवा पलीकडून एक मुलगी बिनव्याजी हप्त्यांबद्दल भडाभडा बोलत होती. नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

“कर्जाचं राहू दे गं. तुझा स्वतःचा नंबर कितीने सुरू होतो?”