दोन लिटरचा फरक

माझ्या जुन्या बॅगेचा पट्टा तुटला तो सोलापूर स्टेशनच्या जिन्यावर, सकाळी सहा वाजून पंचवीस मिनिटांनी, म्हणजे साडेसहाची हुतात्मा सुटायला पाच मिनिटं उरलेली असताना, बॅग सात पायऱ्या घरंगळत गेली, पुण्याच्या लेकीसाठी नेत असलेली शेंगाचटणीची पिशवी आतल्या आत फुटली, तिचं तेल नववी 'ब'च्या वह्यांनी पोटभर पिऊन घेतलं, आणि माझ्याबरोबर वह्या गोळा करणाऱ्या हमालाने एक वही नाकाशी नेऊन विचारलं, "सर, चटणी घरची का?" गाडी मिळाली. बॅग गेली.

घरात ठराव झाला की आता एकच बॅग घ्यायची, शाळेलाही चालेल आणि महिन्यातून एका रविवारच्या पुणे वारीलाही. शाळेसाठी म्हणजे उत्तरपत्रिका, डबा, छत्री, आणि मी गणित शिकवत असल्यामुळे फळ्यावरचा लाकडी कंपास, ज्याचं टोक आजवर प्रत्येक बॅगेतून बाहेर डोकावलेलं आहे. वारीसाठी म्हणजे कडक भाकरी, चटणी, आणि ही शेवटच्या मिनिटाला जे काही कोंबेल ते. मागणी साधी होती. तिची गुंतागुंत करणारा माणूस घरातच होता.

लहानपणी निवड नावाची भानगड नव्हती. आई जुन्या चादरीचा धड राहिलेला भाग कापून दप्तर शिवायची. सोलापुरी चादर फाटायला दहा-पंधरा वर्षं घेते, त्यामुळे दप्तरालाही तेवढा काळ थांबावं लागे. चादरीवर मोर होता. त्याचं डोकं माझ्या दप्तरावर आलं आणि पिसारा धाकट्या भावाच्या, म्हणून आम्ही शाळेत जाताना कायम शेजारी शेजारी चालायचो. दप्तर म्हणजे मुळात कचेरीतले कागद. पेशव्यांचं दप्तर पुण्यात अजून जपून ठेवलेलं आहे. माझं चौथीत शेळीने खाल्लं.

तर जूनच्या पहिल्या आठवड्यात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, मी नव्या पेठेत गेलो. दुकानदाराने वीसेक बॅगा काढल्या. त्यातल्या अठरा मी दहा मिनिटांत बाद केल्या आणि स्वतःच्या निर्णयशक्तीवर खूश झालो. उरल्या दोन. दोन्ही काळ्या. दोन्हींना तीन कप्पे, दोन्हींना लॅपटॉपचा गादीवाला खण. माझ्याकडे लॅपटॉप नाही, पण त्या खणात कडक भाकरी न मोडता पुण्याला पोचते, हे मी अनुभवाने सांगतो. किमतीत पन्नास रुपयांचा फरक. एकीची बाटलीची जाळी डावीकडे, दुसरीची उजवीकडे. एकीच्या चिठ्ठीवर २८ लिटर, ६०० डेनिअर. दुसरीच्या चिठ्ठीवर ३० लिटर, ९०० डेनिअर.

"कुठली घेऊ?"

"दोन्ही चांगल्याच हायेत की ओ सर."

हे उत्तर बरोबर होतं, आणि तिथेच माझा घोटाळा झाला. एक वाईट असती तर मी पाच मिनिटांत घरी आलो असतो. मी पहिली पाठीला लावली, आरशात पाहिलं, दुसरी लावली, मग एकेका खांद्यावर एकेक लावून पाहिली, तेवढ्यात मागून आलेल्या बाईंनी मला दुकानातला माणूस समजून "यातली गुलाबी आहे का?" असं विचारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी मी लांबून दिसताच दुकानदाराने दोन्ही बॅगा काउंटरवर काढून ठेवल्या आणि स्वतः चहाला निघून गेला. मे १९३० मध्ये या गावाने इंग्रज सरकारचा अंमल तीन दिवस झुगारून दिला, त्यापायी मार्शल लॉ सोसला. त्याच गावात मी डावी जाळी की उजवी जाळी यावर तीन दिवस घालवले.

शेवटी दुकानदारच म्हणाला, "सर, दोन्ही घरी न्या. नको ती आठ दिवसांत आणून द्या. पण आता तुम्ही घरी जावा."

घरी आल्यावर मी डेनिअरचा अभ्यास सुरू केला. अभ्यास म्हणजे काय, तर सोलापूरच्या माणसाला सुताचं शिकवावं लागत नाही, या गुर्मीत शेजारच्या अण्णांना दोन्ही बॅगा दाखवायला घेऊन गेलो. अण्णांची उमेद सगळी लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये गेलेली. मी त्यांना समजावून सांगितलं, की वीस नंबरी सूत जाड आणि साठ नंबरी बारीक, तसं ही नऊशेवाली म्हणजे अगदी मलमल असणार, पावसात टिकायची नाही. अण्णांनी चष्मा न लावता दोन्ही बॅगांवर अंगठा फिरवला.

"ही जाड हाय," नऊशेवर बोट ठेवून ते म्हणाले.

"अण्णा, नंबर जास्त म्हणजे सूत बारीक ना?"

"ते कापसाचं. ह्येचं मला म्हाईत न्हाई. पर ही जाड हाय."

मी मोबाइलमध्ये पाहिलं. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनिअर. म्हणजे आकडा वाढला की धागा जाड. कापसाचं गणित उलट, कारण तिथे ठरावीक वजनात किती लांबीचं सूत बसतं ते मोजतात. व्यस्त प्रमाण आणि सम प्रमाण. सव्वीस वर्षं मी हा धडा शिकवतो आहे. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त आत वळून म्हणाले, "सरांस्नी च्या टाका."

राहिला प्रश्न लिटरचा. "बॅगेत काय दूध भरायचंय का तुम्हाला?" असं ही म्हणाली, पण मी वाचलं होतं, की बॅग किती लिटरची हे ठरवायला तिच्यात प्लास्टिकच्या लहान गोळ्या भरतात आणि मग त्या गोळ्या मापात ओतून मोजतात. आमच्याकडे प्लास्टिकच्या गोळ्या नव्हत्या. ज्वारी होती. वर्षाची भरून ठेवलेली, मंगळवेढ्याची मालदांडी, पिंपात, बोरिक पावडर चोळून आणि मधे मधे कडुनिंबाचा पाला घालून.

दिवस वटपौर्णिमेचा निवडला, कारण ही वडाला गेलेली असणार. हॉलमध्ये चादर अंथरली, दुधाचं लिटरचं माप घेतलं आणि ओतायला लागलो. पहिल्या बॅगेत सतरा मापं गेली तेव्हा गॅस सिलिंडरवाला आला. त्याला पैसे देऊन परतलो तर सतरा झाली होती की अठरा, हे गणिताच्या शिक्षकाला आठवेना. ओतलेलं परत काढलं. पुन्हा सुरुवात केली. सव्वीस मापांवर पहिली बॅग गच्च झाली, पण चेन लागेना. चेन लावायला मी तिच्यावर गुडघा दिला, त्यासरशी बाटलीच्या जाळीकडच्या शिवणीतून ज्वारीची बारीक धार लागली, ती थांबवायला मी बॅग उचलायला गेलो, आणि वीस-एक किलोची ती वस्तू जागची न हलता माझ्या कमरेतलंच काहीतरी हललं. मी होतो तसाच चादरीवर आडवा झालो. दार उघडून ही आत आली, हातात पूजेचं ताट, कपाळाला हळदकुंकू. आधी तिने ज्वारी पाहिली, मग मला पाहिलं.

"सात जन्मांचं आत्ताच सांगून आलेय," ती म्हणाली. "परत जाऊ का?"

दुसरी बॅग मी मोजली नाही. चिठ्ठीवर विश्वास ठेवला आणि तीसवाली ठेवून अठ्ठावीसवाली परत करायला निघालो. दुकानदाराने ती उलटी करून झटकली. काउंटरवर मूठभर ज्वारी पडली, पाठोपाठ कडुनिंबाची दोन पानं, आणि आतल्या काळ्या अस्तरावर बोरिकचा पांढरा थर होता तो त्याने बोटाने पुसून वास घेऊन पाहिला.

"सर, मी बॅग दिली होती. कणगी न्हाई."

मी दोन्हींचे पैसे दिले. एक बॅग निवडण्यात मी दहा दिवस घालवले होते, दोन घ्यायला एक मिनिट लागलं.

ज्वारीवालीला हिने लगेच काम लावलं. पाठीवर अडकवून गिरणीला जायला बरी, हात मोकळे राहतात, असं तिचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर आमच्या घरात बॅगेचा योग्य उपयोग तिनेच केला. मी दुसरी घेऊन शाळेत जाऊ लागलो. शाळेत दप्तरांची वजनं घेण्याचं काम माझ्याकडे आहे. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नको, असा सरकारचा आदेश २०१५ सालचा, त्यामुळे मी वजनकाटा घेऊन पोरांच्या मागे असतो. एका पोराने माझ्याच बॅगेचं वजन करायची मागणी केली. मी बहात्तर किलोचा, म्हणजे मला सात किलो दोनशे ग्रॅमची मुभा. काटा नऊवर गेला. नियम विद्यार्थ्यांसाठी आहे, असं मी म्हणालो, पण आवाजात जोर नव्हता. एका गोष्टीचा तेवढा दिलासा आहे: हेच ओझं कमी करायला २०२३ मध्ये पाठ्यपुस्तकाचे चार भाग करून त्यांतच वहीची कोरी पानं घातली, आणि २०२५ मध्ये ती पानं पुन्हा काढली. निर्णय न होणारा मी एकटा नाही.

ऑगस्टमधल्या एका रविवारी घटक चाचणीचे पंचेचाळीस पेपर बॅगेत घालून मी पहाटे निघालो. पुण्यापर्यंत चार तास, पेपर तपासून होतात, शिवाय चालत्या गाडीत गुण जरा सढळ पडतात. दारामागच्या खुंटीवरून काळी बॅग उचलली, पाठीला लावली. जरा जड वाटली, पण ही काहीतरी कोंबतेच. मोहोळ मागे पडलं, तोवर मी खिडकीतून हिरवा पट्टा बघत होतो. कुर्डुवाडीला चहा घेतला, लाल पेन कानाला लावलं, शेजारच्या गृहस्थांना "जरा पेपर तपासतो हं" असं शिक्षकी थाटात सांगून चेन उघडली.

आत पाच किलो ज्वारी होती.

गृहस्थांनी आत डोकावून पाहिलं आणि काही न बोलता आपले पाय आखडून घेतले. मी घरी फोन लावला. फोन वाजला तो गिरणीत. घरघर इतकी की हिला माझं ऐकू येईना आणि मला तिचं. मग गिरणी थांबली. गिरणीवाल्याने बॅग पसरट डब्यावर उलटी धरली होती आणि पंचेचाळीस पेपर पिठात पडले होते, एवढं मला समजलं. मागून त्याचा आवाज आला, "वहिनी, ह्ये बारीक काढू का भरड?" मग जरा वेळ काही नाही, मग पुन्हा तोच आवाज, थोडा मऊ झालेला: "आमच्या पोराचा पेपर वरच हाय की ओ. सरांना म्हणावं, बघा जरा."

पुण्यात लेकीने दार उघडलं, बॅग हातात घेतली आणि खाली वाकली. तिच्या दोन खोल्यांच्या घरात ज्वारी ठेवायला जागा नव्हती, दळायला जवळ गिरणी नव्हती, आणि भाकरी थापायला वेळ तर नाहीच नाही. मी सगळी हकिगत सांगितली. तिने ती डोळे पुसत ऐकली, हसून हसून, आणि शेवटी विचारलं, "बाबा, पण मुळात त्या दोन बॅगांत फरक काय होता?"

"दोन लिटर," मी म्हणालो.

संध्याकाळच्या हुतात्माने ज्वारी माझ्याबरोबर परत आली. एका दिवसात पाचशे किलोमीटर. मालदांडीचा इतका प्रवास मंगळवेढ्यातल्या कुणाच्या ऐकिवात नसेल. घरी पोचलो तर पेपर टेबलावर नीट रचून ठेवलेले, झटकलेले, तरी प्रत्येकाच्या घडीत पीठ. जेवण झाल्यावर मी हिच्या शिवणाच्या डब्यातून लाल लोकर शोधून काढली आणि एका बॅगेच्या चेनला पक्की गाठ मारून गोंडा बांधला. आता चूक होणं शक्यच नाही, असं हिला दोनदा सांगून झोपलो.

सकाळी ती चहाचा कप घेऊन दारामागच्या खुंटीपाशी उभी होती.

"अहो, लाल म्हणजे शाळा की ज्वारी?"

मी म्हणालो, आधी चहा दे.