भिगवणचे रोहित आणि सुटीवरचे साहेब

नोकरदार माणसाला एखादा छंद असावा, असं सगळेच सांगतात. त्या छंदासाठी साहेब रजा देतील का, हे कोणीच सांगत नाही. पक्षिनिरीक्षणासारखा छंद असेल तर विचारूच नका. भिगवणला रोहित म्हणजे फ्लेमिंगो येतात ते थंडीत, उजनी धरणाचं पाणी उतरून कडेचा गाळ उघडा पडू लागला की. त्यांची खरी गर्दी जानेवारी ते मार्च. नेमकं तेव्हाच बँकेत वसुलीचं लक्ष्य डोक्यावर असतं, सीए लोक टेबलावरच जेवतात आणि आयटीत वार्षिक मूल्यमापनाचे वारे वाहतात. वेळापत्रक ठरवताना रोहितांनी आमच्यापैकी कोणालाही विचारात घेतलेलं दिसत नाही.

तरीही आम्ही चौघं जातो. एक दातांचे डॉक्टर, एक सीए, एक आयटी कंपनीतला मॅनेजर आणि मी, बँकेच्या कर्ज विभागातला. पुण्याहून भिगवण शंभरेक किलोमीटर. त्यासाठी मॅनेजर गुरुवारीच सगळ्यांना मीटिंगचं निमंत्रण पाठवतो. त्यात अजेंडा असतो, ‘धोके व उपाय’ असं सदर असतं आणि त्याखाली ‘ढगाळ हवामान’ असं लिहिलेलं असतं. सीए पेट्रोल, टोल, चहा आणि होडी असे रकाने पाडून तक्ता करतो. डॉक्टरांकडे सहाशे मिलिमीटरची लेन्स आहे. तिची किंमत ते रुपयांत कधीच सांगत नाहीत, रूट कॅनॉलमध्ये सांगतात.

एरवी घरच्यांनी तीनदा हाक मारल्याशिवाय न उठणारी ही मंडळी रविवारी पहाटे चारला गाडीत असतात. सोलापूर रस्त्यावर तेव्हा उसाचं राज्य असतं. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, पण पुढे गाणं इतक्या मोठ्यांदा की दिव्याची गरज भासू नये. लोणी, उरुळी, यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ अशी गावं अंधारात मागे पडतात आणि गाडीत छंदावर प्रवचन सुरू होतं.

‘‘ॲलन ह्यूम घ्या,’’ डॉक्टर म्हणतात. ‘‘इंग्रज सरकारचा मोठा अधिकारी. काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होता आणि नोकरी सांभाळून पक्ष्यांचा केवढा तरी संग्रह केला.’’

‘‘आणि त्याची हस्तलिखितं सिमल्याला नोकरानं रद्दीत विकली,’’ मी पुरवणी जोडतो. यावर सगळेच गप्प होतात. प्रत्येकाच्या घरी माळ्यावर पक्ष्यांच्या मासिकांचे गठ्ठे आहेत आणि प्रत्येकाच्या सोसायटीत रद्दीवाला दर रविवारी येतो.

‘‘सालिम अली ब्रह्मदेशात घरचा खाणीचा धंदा बघायला गेले,’’ मॅनेजर विषय बदलतो, ‘‘आणि तिथं पक्ष्यांमागे हिंडले.’’

‘‘धंद्याचं काय झालं?’’ सीए विचारतो.

‘‘बुडाला.’’

‘‘मग? म्हणून मी फक्त रविवारी येतो.’’

भिगवणजवळच्या कुंभारगावच्या काठावर पोचेपर्यंत तांबडं फुटलेलं असतं आणि निम्मं पुणे तिथं आधीच पोचलेलं असतं. बहुतेकांच्या अंगात जंगलात लपायला शिवलेले हिरवे-तपकिरी चट्ट्यापट्ट्यांचे कपडे. हे कपडे घालून ही माणसं उघड्या पाण्यात उघड्या होडीत बसतात. आजूबाजूला एक झाड नाही. मैलभर पाण्यात एवढं एकच हिरवं झुडूप तरंगत येताना बघून पक्ष्यांना काय वाटत असेल, ते तेच जाणोत.

या वेळी आमचा नावाडी पंचविशीतला पोरगा. बापाबरोबर जाळं टाकायचा, आता सकाळी पक्षी दाखवतो आणि संध्याकाळी जाळं टाकतो. ‘‘सर, उभं नका राहू. आन् आवाज करू नका,’’ एवढी दोनच कलमं सांगून त्यानं बांबूनं होडी लोटली. भीमेवरचं हे धरण 1980 साली पुरं झालं. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं, ते उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पुन्हा दिसतं. पोरानं पाण्याकडे बोट दाखवलं. ‘‘आमची जमीन हितंच खाली हाय.’’ कर्ज विभागात हयात गेल्यामुळे माझ्या मनात पहिला प्रश्न सातबाऱ्याचा आला. तो मी गिळला.

आणि मग रोहित दिसले. गुडघाभर पाण्यात हारीनं उभे, माना खाली, डोकी चक्क उलटी. रोहित खातो तेव्हा त्याची वरची चोच खाली येते. जिभेनं पाणी आत-बाहेर करत तो चोचीच्या कडेच्या झालरीतून शेवाळ आणि बारके जीव गाळून घेतो. त्याचा गुलाबी रंगही याच खाण्यातून येतो. पिल्लू जन्मतं ते करड्या रंगाचं.

‘‘काय चोच आहे!’’ डॉक्टर हळहळले. पक्ष्यांना दात नसतात, हे त्यांचं कायमचं दुःख आहे.

सीएनं मोजायला सुरुवात केली. ‘अंदाजे’ हा शब्द त्याला चालत नाही. चारशेच्या आसपास आला की चार पक्षी उडतात, सात येऊन बसतात आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. मॅनेजर ॲपमध्ये नोंद करत होता. शेकाट्या, चित्रबलाक, नदी सुरय, अशा एकेका नावावर टिचकी पडत होती. पक्षी दुर्बिणीतून दिसला तरी ॲपमध्ये चढेपर्यंत तो त्याच्या लेखी आलेलाच नसतो.

मी पट्टकदंब हंस बघत होतो. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या, चेहरा सरकारी. तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. सात हजार मीटर उंचीवर त्यांचं उड्डाण नोंदलेलं आहे. कौतुक वाटलंच, पण दोन देशांत राहणारा, कायमचा पत्ता नसलेला आणि मार्चनंतर निघून जाणारा हा अर्जदार माझ्या टेबलावर आला असता तर मी त्याला जामीनदार मागितला असता.

तेवढ्यात मॅनेजरचा फोन वाजला. घरात गॅलरीत गेल्याशिवाय मिळत नाही ते नेटवर्क उजनीच्या मधोमध चार दांड्यांनी हजर होतं. पलीकडे साहेब.

‘‘हो सर. नाही सर, घरीच आहे,’’ तो कुजबुजला. त्याच क्षणी डोक्यावरून एक कुरव कर्कश ओरडत गेला. ‘‘नाही सर, मुलगी आहे. दात येतायत.’’ डॉक्टरांनी प्रथमच त्याच्याकडे आस्थेनं पाहिलं.

आणि नेमकं तेव्हाच वरून दलदली भोवत्या या शिकारी पक्ष्यानं घिरटी घातली. अख्खा थवा उठला. मिटलेले पांढुरके पंख एकदम उघडले आणि आतला लाल-काळा रंग आभाळभर पसरला.

डॉक्टरांची लेन्स तेव्हा फोकस शोधत होती. त्यांना पुढे पंचवीस फोटो मिळाले. त्यांतल्या निम्म्यांत सीएची टोपी आहे. सीए ‘तीनशे एकोणनव्वद’ म्हणत वहीत डोकं घालून बसला होता. मी दुर्बिणीत होतो. मला एकच रोहित फार मोठा आणि फार जवळून दिसला, तोही मागून. संपूर्ण थवा, उघड्या डोळ्यांनी, पहिल्या फडफडीपासून शेवटपर्यंत पाहिला तो एकट्या मॅनेजरनं. कारण एका हातात फोन होता आणि दुसऱ्यानं होडीची कड धरलेली होती. ‘‘हो सर, अप्रतिम सर,’’ असं तो म्हणाला. साहेबांना वाटलं, नव्या टार्गेटबद्दल म्हणतोय.

काठावर परतल्यावर बाजरीची भाकरी, तळलेली चिलापी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा रस्सा. सकाळपासून पहिल्यांदाच कोणी काही मोजत नव्हतं, टिपत नव्हतं, फोटो काढत नव्हतं. सीएनं तिसरी भाकरी घेतली तेव्हा तक्त्यात तिचा रकाना नाही, हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

तुम्हालाही जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत जा. जमलं तर मधल्या वारी आणि उजाडायच्या आत. किती माणसं जेवणार ते आधी कळवा. पक्ष्यांना शेव-फरसाण टाकू नका आणि फोटोसाठी होडी थव्यात घालायला लावू नका. दुर्बीण घ्या, पण मधूनमधून खाली ठेवा. आणि नावाड्याला ठरल्यापेक्षा चार पैसे जास्त द्या. त्या होडीत काम करणारा आणि पक्षी ओळखणारा तेवढा एकच माणूस असतो.