पायीची वहाण पायी बरी? छे!

अहो, ऐकलंत का? पायीची वहाण पायीच बरी, असं आमची आजी म्हणायची. बरं झालं, तिला अमेरिकेतला बास्केटबॉल ठाऊक नव्हता. तिकडे म्हणे चेंडू बास्केटमध्ये गेला की नाही हे मागाहून बघतात. आधी बघतात ते खेळाडूच्या पायांकडे!

सगळ्या भानगडीचं मूळ १९८४ सालात. शिकागो बुल्स संघात मायकेल जॉर्डन नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा आला आणि चक्क लाल-काळे बूट घालून उतरला. बाकी बहुतेकांचे पाय पांढरेशुभ्र, आणि याचं हे असं! एनबीएने, म्हणजे तिकडच्या बास्केटबॉल लीगने, डोळे वटारले. २५ फेब्रुवारी १९८५ ला बूट बनवणाऱ्या नायकी कंपनीला पत्र गेलं, असले रंग चालायचे नाहीत म्हणून. मुख्याध्यापकांनी पालकांना चिठ्ठी धाडावी ना, अगदी तस्सं. दर सामन्याला ५,००० डॉलर दंड, अशीही दंतकथा आहे.

आता चारचौघांतल्या पालकाने काय केलं असतं? पोराला दटावून पांढरे बूट घातले असते. नायकीने काय करावं? जाहिरातच काढली! आम्ही बूट केले, लीगने ते हाकलले, पण तुम्हाला ते घालायला कोण अडवणार, अशा थाटाची. एप्रिल १९८५ मध्ये ६५ डॉलरला ‘एअर जॉर्डन’ दुकानात आले आणि पहिल्याच वर्षात दहा कोटी डॉलरहून अधिक विक्री झाली. जिभेला हाड नाही म्हणतात, इथे तर बुटाला लाज नाही.

खरी गंमत तर पुढेच. जाणकार सांगतात की लीगच्या डोळ्यांत खुपला तो बूट ‘एअर जॉर्डन’ नव्हताच मुळी. तो होता ‘एअर शिप’, नायकीचाच आधीचा जोड. म्हणजे बोभाटा थोरलीचा आणि लग्न जमलं धाकटीचं!

बंदी म्हणजे शुभशकुन, हे एकदा कळल्यावर लोक थांबतात होय? २०१० मध्ये एपीएल नावाच्या कंपनीचे दोन जुळे भाऊ उंच उडी मारायला मदत करणारा बूट घेऊन आले. किंमत ३०० डॉलर. लीग म्हणाली, हा तर अवाजवी फायदा, बंदी! झालं, गिऱ्हाइकांची झुंबड. ‘उडी वाढते’ हे कंपनीने सांगून कोणी मानलं नसतं, ते लीगनेच फुकटात प्रमाणपत्र देऊन टाकलं.

आणि ते लव्हार बॉल! २०१७ मध्ये या गृहस्थांनी आपल्या बास्केटबॉलपटू मुलाच्या नावाचा बूट बाजारात आणला, ४९५ डॉलरला. मुलगा तेव्हा एनबीएचा एक सामनादेखील खेळला नव्हता. बारसं व्हायच्या आत लग्नपत्रिका! दोन वर्षांत मुलानेच बापाच्या कंपनीशी काडीमोड घेतला.

सगळ्यांवर कडी केली ती झायन विल्यमसन या विद्यार्थी खेळाडूच्या बुटाने. २० फेब्रुवारी २०१९, ड्यूक विद्यापीठाचा सामना, प्रेक्षकांत साक्षात ओबामा. पहिल्याच मिनिटात पोराचा नायकीचा बूट फाटला, पाय बाहेर, गुडघा दुखावला. दुसऱ्या दिवशी कंपनीचा शेअर घसरला. आता हा पोरगा त्या कंपनीचं तोंड पाहील का? पाहिलं की! काही महिन्यांतच त्याने करार केला तो नायकीच्याच जॉर्डन ब्रँडशी.

रंगांच्या बाबतीत मात्र लीगने २०१८ मध्येच हात टेकले. घाला म्हणाली हवे ते रंग. पण तोवर बूट पायातून केव्हाच निसटला होता. जॉर्डनने १९९८ च्या अंतिम फेरीत घातलेला एक जोड २०२३ मध्ये लिलावात २२ लाख डॉलरला गेला. भरतानेसुद्धा पादुका सिंहासनावर ठेवल्या होत्या हो, पण बोली नव्हती लावली.

आमच्या भाच्याकडेही तसलाच लाल-काळा जोड आहे. पारदर्शक डब्यात, वर सिलिका जेलच्या पुड्या. हात लावला तर घरात युद्ध. आणि दूध आणायला मेला माझ्या चपला घालून जातो.