सात खिळ्यांचं घर

“मॅडम, घर तुमचंच समजा. फक्त भिंतीला खिळा ठोकायचा नाही.”

आमचे घरमालक काका प्रेसमधून रिटायर झालेले. नाशकात नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की ते नोटांचं, वर्तमानपत्राचं नव्हे, हे इथे राहायला आल्यावर लवकरच कळतं. जन्मभर छापील कागद उजेडाला धरून दोष शोधलेला माणूस. भिंतीकडेही तो त्याच नजरेने बघतो. भाडेकराराच्या दिवशी एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. माझा अंगठा उमटला, नवऱ्याचा जरा घासाघीस करून उमटला, काकांचा काही केल्या उमटेना. “नोटा मोजून मोजून रेषा गेल्या असतील,” एजंट म्हणाला. “मोजायला आम्ही काय बँकेत होतो?” काका म्हणाले, “आम्ही छापायचो.” शेवटी काकूंनी त्यांचा अंगठा ओल्या फडक्याने खसाखसा पुसून दिला, तेव्हा कुठे सरकारला काका पटले.

असा करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची, असं १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा सांगतो. काकांनी ही जबाबदारी फारच मनावर घेतली. अकरा महिने, डिपॉझिट, मेंटेनन्स, पार्किंग ही कलमं दोन-दोन ओळींत उरकून त्यांनी खिळ्याला अख्खा परिच्छेद दिला होता. खिळा, स्क्रू, हुक, ड्रिल ‘व तत्सम’. तत्सममध्ये टाचणी येते का, असं मी विचारलं. काकांनी क्षणभर विचार केला. “येते.”

आता आमची पंचाईत समजून घ्या. नवरा अंबडच्या एका कारखान्यात दिवसभर लोखंडाला भोकं पाडतो, त्याचा त्याला पगार मिळतो. लग्नात मित्रांनी त्याला ड्रिल मशीन आहेर केलं होतं, ते पेटीतून काढून तो अधूनमधून नुसतं पुसून ठेवतो. आणि मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणते. ‘सोबतचा कागद भिंतीवर धरून चार खुणा करा. खुणांवर सहा मिलिमीटरची भोके पाडा.’ गिझर असो, पंखा असो, पाण्याचा फिल्टर असो, अख्ख्या महाराष्ट्राला मी बिनधास्त भोकं पाडायला सांगते आणि स्वतःच्या घरात कॅलेंडर मांडीवर घेऊन बसते.

काकांनी एक सवलत मात्र दिली. नवा खिळा नको. आहेत ते वापरा.

आहेत ते सात. घर कसं लावायचं हे आपण ठरवतो, हा गैरसमज त्या सात खिळ्यांनी पहिल्याच रविवारी दूर केला. हॉलमधला एकुलता एक खिळा छताला लागून, बहुधा कुणाच्या तरी हार घातलेल्या आजोबांसाठी मारलेला. आमच्याकडे हार घालण्याजोगं कोणी नसल्यामुळे तिथे घड्याळ गेलं. वेळ बघायची तर मान इतकी मागे टाकावी लागते की पाहुणे आपोआप छताचं कौतुक करतात. सेल संपला तर स्टूलवर डबा, डब्यावर नवरा. दुसरा खिळा गॅसच्या बरोब्बर वर. तिथे आमचा लग्नाचा फोटो आहे. रोजच्या फोडणीने आम्ही दोघं आत्ताच आमच्या पन्नाशीसारखे दिसायला लागलोय. तिसरा बेडरूमच्या दाराआड, दार लावल्याशिवाय न दिसणारा. चौथा फ्रिजच्या मागे, म्हणजे असून नसल्यासारखा. पाचवा बाथरूमबाहेर, तिथे टॉवेल. सहावा पॅसेजमध्ये, गुडघ्याच्या उंचीवर. सातवा ड्राय बाल्कनीत.

गुडघ्याच्या उंचीवर खिळा कशासाठी? नवऱ्याने कुत्र्याच्या पट्ट्याचा तर्क लढवला. मी म्हटलं, सुताराचा हात घसरला असेल. उलगडा केला तो धुण्याभांड्याच्या मावशींनी. आमच्या आधीच्या सगळ्या भाडेकरूंकडे याच मावशी होत्या, त्यामुळे या घरात खरं तर आम्ही त्यांच्याकडे राहायला आलोय.

“तो दप्तराचा हाये, ताई. बँकवाल्यांचं पोरगं बालवाडीत होतं. हात पुरावा म्हणून त्यांनी खाली मारून दिला.”

मग त्या हातात ओलं फडकं घेऊन मला घरभर हिंडवून आल्या. गॅसवरचा गुजराती भाभींचा, देवाच्या तसबिरीसाठी. दाराआडचा एका नर्सबाईंचा, युनिफॉर्म टांगायला. फ्रिजमागचा? “तेव्हा फ्रिज तिकडं होता.” प्रत्येक खिळ्याचा दाता कोण, हेतू काय, सगळं मावशींना तोंडपाठ. आणि प्रत्येक खिळा काकांच्या नकळत मारलेला, हेही त्या जाता जाता सांगून गेल्या.

घर पाथर्डी फाट्याला आहे. ड्राय बाल्कनीच्या खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो, आणि भाडेकरूने या डोंगराकडे फार वेळ बघू नये. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्खूंना राहायला लेणं तर कोरून दिलंच, वर तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेव म्हणून ठेवले. (गोवर्धन गाव आजही गंगापूर रोडला आहे.) त्यातले दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने, उरलेले हजार शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांचं वर्षाचं व्याज होतं २४०. त्यातून पावसाळ्यात तिथे मुक्काम करणाऱ्या वीस भिक्खूंना कपड्यांसाठी प्रत्येकी बारा. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, हेही दगडात लिहून ठेवलंय. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात नाशकात डिपॉझिट घर देणारा भरत होता आणि राहणाऱ्याला वर कपड्यालत्त्याचे पैसे मिळत होते. आमचं डिपॉझिट काकांकडे आहे, बिनव्याजी.

शिवाय विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक बारीकसा प्रसंग येतो. भिक्खू आपल्या पिशव्या बाजेच्या पायांना अडकवायचे आणि त्या उंदीर नि वाळवी खायची. गोष्ट बुद्धांच्या कानावर गेली, तेव्हा त्यांनी भिंतीला खुंटी मारायला परवानगी दिली. हे सापडलं तेव्हा मी भाताचा कुकर तसाच शिट्ट्या देत सोडून वर काकांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तिकडे कातळ आहे,” ते म्हणाले. “आपल्याकडे पुट्टी आहे.”

वाल्मीकींच्या लक्ष्मणाने पंचवटीत पर्णकुटी बांधली तेव्हाही पुट्टीचा प्रश्न आला नाही. मातीच्या भिंती, बांबू, शमीच्या फांद्या, वर गवत. रामाला ती इतकी आवडली की त्याने भावाला मिठीच मारली. वनवासात बक्षीस द्यायला दुसरं होतं काय! मला तर अख्ख्या रामायणात सगळ्यात हेवा याच ओळींचा वाटतो. तेवढ्या मोठ्या दंडकारण्यात एकही माणूस ‘रंग नुकताच दिलाय हं’ म्हणत मागे उभा नाही.

मध्यंतरी चिकटवायचे हुक आणले. पाकिटावर पाच किलोचा भरवसा दिला होता. तसली वाक्यं मीच भाषांतरित करते, तेव्हा मला कळायला हवं होतं. श्रावणात भिंतींना दमटपणा आला आणि रात्री दोनच्या सुमाराला पहिला हुक तसबीर घेऊन खाली आला. जाताना तळहाताएवढा रंगही घेऊन आला. खिळ्याने पडलं असतं त्याच्या वीसपट मोठं भगदाड. करारात हुक होताच. आता काकांना काय सांगायचं म्हणून आम्ही तिथे सोफा सरकवला. सोफा सरकला म्हणून टीव्ही सरकला, टीव्ही सरकला म्हणून बैठक फिरली, आणि आल्यागेल्याने “वा, जागा किती छान वापरलीय” म्हणायला सुरुवात केली. माझ्या मते भाड्याच्या घरांतली बहुतेक सजावट अशीच झालेली असते. कुठलाही सोफा विचित्र कोनात दिसला की मी आता मागे वाकून बघते.

ऑफिस मात्र मला स्वतःच्या मनासारखं करायचं होतं. बेडरूममध्ये झोप येते, हॉलमध्ये बेल वाजते. उरली ड्राय बाल्कनी. एका अंगाला वॉशिंग मशीन, दुसऱ्या अंगाला भांडी घासायची मोरी, डोक्यावर दोरीने वर-खाली होणारा कपड्यांचा स्टँड, मध्ये माझं टेबल. पुस्तकांना कपाट परवडेना. पिंपळगावच्या मामेसासऱ्यांनी टोमॅटोचे रिकामे क्रेट दिले. एकावर एक आडवे रचले की झालं कपाट. क्रेटवर रंगाने व्यापाऱ्याची खूण आहे, त्यामुळे मोल्सवर्थचा शब्दकोश मार्केट यार्डात लिलावाला निघाल्यासारखा दिसतो. भांडी बाजारातून खास पितळी गडू आणला, पेनं ठेवायला. टेबलावर ऊन पडलं की काय सुंदर चकाकायचा!

दुसऱ्या दिवशी अकराच्या मीटिंगला बसले तर पेनं टेबलावर आडवी आणि गडू मोरीत, चिंचेने लख्ख होत असलेला.

“मावशी, तो पेनांचा आहे.”

“असू द्या की. पितळ हाये, डाग धरतं.”

तेव्हापासून गडू रोज अकराला आंघोळीला जातो. त्याच वेळेला मुंबईची मंडळी स्क्रीनवर येतात. “ताई, पाय वर घ्या,” हे वाक्य आमच्या टीममधल्या तमिळ मुलालाही आता येतं. एकदा त्यांच्या साहेबांनी अंतिम मुदतीवरून आवाज चढवला, त्याच क्षणी मावशींनी कुकरचं झाकण असं काही आदळलं की ते म्हणाले, “ओके, ओके, टेक युअर टाइम.” योगायोग असेल. पण मावशी खाली गेटवर सिक्युरिटीला सांगतात, “वर ताईंचं ऑफिस हाये, कुरिअर तिकडं पाठवा.” भाडेकरारात या जागेला कपडे वाळत घालण्याची बाल्कनी म्हटलंय.

या ऑफिसच्या भिंतीवर सातवा खिळा. टेबलाच्या बरोब्बर समोर, डोळ्यांच्या रेषेत, आख्ख्या घरातला एकमेव शहाणा खिळा. मला तिथे काहीतरी खास लावायचं होतं. वारली चित्र, की गोदाघाटाचा जुना फोटो, यावर मी बरेच दिवस घालवले. तेवढ्यात एका दुपारी काकू पदराखाली काहीतरी लपवून खाली आल्या. काका झोपले होते.

“तुमच्याकडे एक खिळा रिकामा आहे म्हणे.” म्हणजे मावशी वरही काम करतात.

पदराखाली काकूंच्या आईचा फोटो होता. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, फोटोग्राफरवर अजिबात विश्वास नसलेला चेहरा. काकूंनी सांगितलं ते असं: काकांचा नियम भाडेकरूंपुरता नव्हताच. चाळीस वर्षं त्यांच्या स्वतःच्या घरातही एक खिळा नाही. कालनिर्णय फ्रिजच्या हँडलला दोऱ्याने बांधलेलं, देव मांडणीवर टेकलेले, आणि आई कपाटात साड्यांच्या घडीखाली. “थोडे दिवस राहू दे तुझ्याकडे,” काकू म्हणाल्या. “उजेड आहे इथे.” ‘तुमच्याकडे’वरून एकदम ‘तुझ्याकडे’वर आल्या. मग नाही कसं म्हणणार?

तेव्हापासून माझ्या कामाच्या जागेवर घरमालकिणीच्या आईची नजर आहे. मी जाहिरात बघत बसले की त्यांचा चेहरा आणखी कडक होतो. काकू दुपारी चहा घेऊन येतात, आईशी दोन मिनिटं बोलतात, माझ्याशी वीस. मीटिंगमध्ये मागे क्रेट, बाजूला कपडे. मी लॅपटॉप फिरवला की आजी दिसतात. “युअर ग्रँडमदर?” असं एकाने विचारलं. मी “हो” म्हणाले. सविस्तर सांगायला वेळ कुणाला आहे?

एके दिवशी मोरीचा नळ बघायला काका आले आणि समोर सासूबाई! मी श्वास धरला. काकांनी चष्मा वर केला, फोटो नीट न्याहाळला, मागे सरून एक डोळा मिटून पुन्हा न्याहाळला. मग पुढे होऊन बोटाने चौकटीचा डावा कोपरा किंचित वर ढकलला.

“झुकला होता,” म्हणाले, आणि नळाचा वॉशर बदलून निघून गेले.

अकरा महिने झाल्यावर करार नव्याने केला. भाडं पाच टक्क्यांनी वाढलं, खिळ्याचा परिच्छेद जसाच्या तसा राहिला. त्याच्याखाली काकांनी एक नवी ओळ घालून घेतली: ‘विद्यमान खिळे काढू नयेत.’

नाशकात घर बघायला येणार असाल तर नळ, मीटर, पार्किंग, पाण्याच्या वेळा हे सगळं बघालच. आधी खिळे बघा. एक तरी हॉलमध्ये, हात पुरेल एवढ्या उंचीवर सापडल्याशिवाय टोकन देऊ नका.